गोळी बाहेरून घ्या!

मानसिक आजारावर सरकारी उपचार मिळणं हा हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १८. उपचार परवडणारे हवेत, दर्जेदार हवेत आणि घराजवळही हवेत.

मग भामरागडच्या माणसाने नागपूर का गाठायचं?

अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही आपली जुनी चार मनोरुग्णालयं. चारही इंग्रजांनी सुरू केलेली. ही वणवण वाचावी म्हणूनच १९९६मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्याचा हिशेब काय लागतो? शिबिरं किती, तपासण्या किती. जानेवारीत आलेल्या रुग्णाला फेब्रुवारीत गोळ्या मिळाल्या का, हे कोण विचारतं?

स्किझोफ्रेनियाची गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. ती मध्येच तुटली की आजार उलटतो. रुग्णासोबत घरचं कुणीतरी येतं, म्हणजे दोघांचा रोज बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. आणि खिडकीवर उत्तर मिळतं, 'बाहेरून घ्या.'

पुढच्या महिन्यात तो येत नाही. नोंद होते, 'रुग्णाने उपचार सोडले.'

सोडले कुणी?

२०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्यावर ठरलेलं उत्तर असतं: लोक लाजतात, भगताकडे जातात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातलीच माणसं प्रशिक्षण देऊन दारोदार पाठवली. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तेही दीड वर्षात.

दीड वर्षात लाज पळाली? नाही, सेवा दारात आली.

२०२२पासून टेली-मानस आहे. १४४१६ फिरवा, मोफत बोला. उपयोगी सोय आहे, जरूर वापरा. पण फोनमधून गोळ्यांची पाकिटं येत नाहीत आणि हेल्पलाइन सुरू झाली म्हणून तालुक्याची जबाबदारी संपत नाही.

कलम १८ आणखी एक गोष्ट सांगतं. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कायम आणि फुकट मिळालीच पाहिजेत. तेव्हा खिडकीवर पुन्हा 'बाहेरून घ्या' ऐकू आलं, तर मुकाट्याने मेडिकलची वाट धरू नका. 'औषध उपलब्ध नाही' एवढं लिहून मागा. तारीख घाला, सही-शिक्का घ्या आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या.