रिळांचा क्रम

आमच्या तालुक्याच्या गावी फिरता सिनेमा प्रथम आला त्या वर्षी मी नऊ वर्षांचा होतो. आणि आठवडेबाजाराच्या माळावर त्याच्या तंबूची पहिली मेख ठोकली जाण्यापूर्वीच, 'श्यामची आई' पाहिल्यावाचून गावातील एकही कार्टे सन्मार्गाला लागणे शक्य नाही, असा ठराव समस्त मातृवर्गाने नदीच्या घाटावर एकमताने मंजूर करून टाकलेला होता. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. सिनेमा या विषयासंबंधी त्यांचे मत प्रतिकूल असले, तरी घरातील वरिष्ठ सत्तेकडून आलेल्या हुकमाची अंमलबजावणी विनातक्रार करण्याची त्यांची ख्याती असल्यामुळे, त्यांनी 'खर्चाची बाब विशेष म्हणून' मान्य केली आणि आम्ही सहकुटुंब, सहपरिवार निघालो.

चित्रपट मुंबई-पुण्यास लागला 1953 च्या मार्चमध्ये, आणि त्याला उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले पुढल्या वर्षी. ही राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली आणि त्यांतले पहिले सुवर्णपदक मराठी चित्रपटाने पटकावले, याचा आम्हां सर्वांना इतका अभिमान होता, की ते पदक आपल्याच तालुक्याच्या खजिन्यात जमा आहे अशा थाटात कचेरीतले शिपाईदेखील बोलत. मात्र सुवर्णपदकापासून आमच्या माळापर्यंतचा प्रवास त्या चित्रपटाने बहुधा बैलगाडीने केला असावा. कारण तो येऊन पोहोचेपर्यंत त्याच्या सर्वांगावर इतके ओरखडे उमटले होते, की पडद्यावर पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत पाऊस कोसळत होता. साने गुरुजींचे बालपण दापोलीकडच्या पालगडचे, कथा कोकणातली, तेव्हा हा पाऊस दिग्दर्शकाने मुद्दाम पाडलेला आहे असे आम्ही मुलांनी समजून घेतले. आजही कोणी कोकणातील पर्जन्यमानाचा विषय काढला, की माझ्या डोळ्यांसमोर प्रथम तेच दृश्य उभे राहते.

तंबूच्या मध्यभागी कनात लावून स्त्रियांची आणि पुरुषांची व्यवस्था वेगळी केलेली होती. चित्रपट सुरू होऊन पाव घटका होते न होते तोच कनातीपलीकडून हुंदक्यांची एक मंद लाट आली, आणि मग ती ओसरलीच नाही. वास्तविक तोवर पडद्यावर रडण्यासारखे काहीही घडले नव्हते. परंतु मंडळी पुस्तक वाचून, पुढील दुःखाची पूर्वसूचना घेऊन, तयारीनेच आली होती. पुरुषवर्गाकडे मात्र खोकल्याची साथ पसरली. माझे वडील, ज्यांनी जप्तीच्या अनेक प्रसंगी कोरड्या डोळ्यांनी पंचनामे लिहिले होते, ते उपरण्याने चष्मा पुसत मला तीनदा म्हणाले, "धूळ फार आहे रे या माळावर."

या अश्रुपाताचे खरे आश्चर्य पुढे मोठेपणी वाटले. फेब्रुवारी 1933 मध्ये साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात बसून अवघ्या चार-पाच दिवसांत आपल्या आईच्या आठवणी कागदावर उतरवीत होते. आणि त्याच साली आचार्य अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' हे नाटक रंगभूमीवर येऊन प्रेक्षक खुर्च्यांवरून कोसळत होते. पुढे वीस वर्षांनी याच 'झेंडूची फुले'कर्त्या विडंबनकाराने त्या आठवणी पडद्यावर आणल्या, आणि ज्या महाराष्ट्राला त्याने हसवून बेजार केले होते त्यालाच रडवून बेजार केले. हसवणूक आणि रडवणूक ही दोन्ही खाती एकाच गृहस्थाच्या अखत्यारीत असावीत, हा कारभारातला चमत्कारच म्हटला पाहिजे. आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई 1941 च्या 'सिकंदर'मध्ये रुखसाना झालेल्या. जगज्जेत्याला ज्यांच्यापायी हळवे व्हावे लागले, त्यांच्यापुढे बिचाऱ्या श्यामचा काय पाड? आणि माधव वझे या मुलाने तो श्याम असा काही वठविला, की आमच्या गावातील प्रत्येक आईला तो आपला मुलगा असावासा वाटू लागला. ही गोष्ट आम्हां प्रत्यक्ष मुलांच्या दृष्टीने फारशी हितावह ठरली नाही.

आता मूळ प्रसंग. यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपले, की दिवे लागत, दाणेवाला फिरून जाई, आणि पुन्हा अंधार होई. कसे कोण जाणे, यंत्रावरच्या इसमाने आईच्या मृत्यूचे रीळ आधी लावले आणि श्यामच्या पोहण्याचे नंतर. आई गेली. तंबूत असा काही आकांत उसळला, की बाहेर बांधलेले बैल उभे राहिले. दिवे लागले, दाणेवालादेखील डोळे पुसत होता, त्यामुळे दाण्यांचा खप झाला नाही. पुन्हा अंधार झाला, आणि पाहतो तो, नुकतीच स्वर्गवासी झालेली आई हातात शिमटी घेऊन, पोहण्याच्या भीतीने दडून बसलेल्या श्यामला हुडकीत, पूर्ववत धडधाकट उभी! कनातीपलीकडून एका वृद्धेचा स्वर आला, "बरं झालं गं बाई, जीव वाचला पोरीचा!"

वडिलांनी झाल्या प्रकाराबद्दल तंबूवाल्याकडे तोंडी कैफियत मांडली. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, असा तोंडीच निकाल मिळाला. माझ्या बालमनावर मात्र या घटनेने जो सिद्धान्त कोरला तो पुढे कितीही वर्षे पुसला गेला नाही: आई ही कायमची जात नसते; थोडा वेळ अंधार होतो, आणि मग ती शिमटी घेऊन परत येते.

संस्काराची अंमलबजावणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. आंघोळ झाल्यावर, तळव्यांना माती लागू नये म्हणून दगडावर पदर पसर, असा मी आईपाशी हट्ट धरला. श्यामच्या आईने तो पुरविला होता आणि वर पायांप्रमाणेच मनही स्वच्छ राखण्याचा उपदेश केला होता. माझ्या आईने उपदेश तेवढा केला, तोही मनाविषयी नव्हे. "लुगडं कोण धुणार रे, मामलेदार?" एवढेच तिचे शब्द मला स्मरतात, उरलेला मजकूर पाठीवर लिहिला गेला.

त्याच आठवड्यात भाजीत मीठ घालावयाचे राहिले. पुस्तकातील अळणी भाजीचा प्रसंग आम्हां सर्वांना तोंडपाठ होता: राबून थकलेल्या आईचे मन दुखू नये म्हणून घरातील मंडळी ती भाजी निमूटपणे खातात. एरवी मिठाचा एक कण कमी पडला तर 'सदरहू भाजीत मीठ आढळून येत नाही' असा शेरा मारणारे वडील त्या दिवशी खाली मान घालून जेवले. धाकट्या बहिणीने तर उदात्ततेच्या भरात दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. सर्वांमागून आई पानावर बसली. पहिला घास तोंडात गेला, आणि श्यामच्या आईला जो पश्चात्ताप झाला तो आमच्या आईला होईल म्हणून आम्ही दाराआड टपून बसलो होतो. "चव कळत नाही की तोंडं शिवली होती? वाढताना एक शब्द बोलला असतात तर चिमूटभर मीठ घातलं असतं. आता पातेलंभर भाजी काय गाईला घालू?" त्या दिवसापासून वडिलांचे शेरे पूर्ववत सुरू झाले, आणि घरात सुख नांदू लागले.

पोहायला मात्र मला कोणी विहिरीत ढकलले नाही. आईला विहिरीची भीती माझ्याहून अधिक वाटे.

पुढे नोकरीनिमित्त मी मुंबईस बिऱ्हाड केले. वडील निवर्तल्यावर आई माझ्याकडे आली, घरात दूरदर्शनचा संच आला, आणि एका शनिवारी संध्याकाळी 'श्यामची आई' लागणार असे समजले. मी मुलांना जबरदस्तीने पुढे बसविले. पाव घटकेत ती झोपी गेली. आई मध्यंतरापूर्वीच उठून स्वयंपाकघरात गेली. "पुढचं मला ठाऊक आहे," एवढेच म्हणाली. संचावर पाऊस नव्हता, कनात नव्हती, आणि दूरदर्शनच्या खात्याने रिळांचा क्रम नियमाबरहुकूम, जसा असावयास हवा तसाच ठेवला होता. आई गेली. मी चाळिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, धुळीचे निमित्त सांगण्यासारखा माळदेखील जवळ नाही, असा बसून राहिलो. समाप्तीची अक्षरे आली, बातम्या सुरू झाल्या. तरीही मी पुढचे रीळ लागण्याची वाट पाहत होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार उघडले आणि हातात लाटणे घेऊन आई बाहेर आली.

"आवाज कमी कर त्याचा," ती म्हणाली, "पोरं झोपलीत. आणि तू काय तिथं नाक ओढीत बसला आहेस? पानं घे."