दुपारी तीनची तिन्हीसांज

स्टॉकहोम,
रविवार, 21 डिसेंबर

ती. आई व ती. आप्पा यांस,
सा. न. वि. वि.

आप्पा, तुमची जन्मभराची एक तक्रार मिटली. हल्ली मी सूर्य उगवायच्या आत अंथरूण सोडतो. आज सुट्टी, तरी उठलो. सव्वाआठ वाजले होते. सूर्य पावणेनऊला आला.

आणि तीनच्या आत गेलासुद्धा. एवढ्या हजेरीवर तुम्ही मला परीक्षेला बसू दिलं नसतं. मधल्या वेळातही वर चढायचं नाव नाही. भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम सात अंश, म्हणजे आमच्यापुरता समोरच्या इमारतीमागे. भूगोलाच्या तासाला तुम्ही मोसंब्यात विणायची सुई खुपसून पृथ्वीचा साडेतेवीस अंशांचा कल दाखवायचात, तेव्हा मी मागच्या बाकावर चिंचा खात होतो. आता रोज उजळणी चालू आहे.

आई, थंडी फार आहे का, म्हणून विचारलंस. अगं, हिवाळा अजून लागलेलाच नाही! इथल्या हवामान खात्याच्या हिशेबात सलग 5 दिवस सरासरी तापमान शून्यावर किंवा त्याखाली राहिलं, तरच तो हिवाळा. म्हणजे आला हे कळायलाही 5 दिवस जायचे. तोवर मी कानटोपी आणि दोन स्वेटर घालून शरद ऋतूत हिंडतोय.

तुझ्या नियमांनी मात्र घरात गोंधळ केलाय. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, मीठ कुणाला देऊ नये. इथे तिन्हीसांज तीनला होते! परवाच्या 12 तारखेला सव्वातीनला शेजारच्या आजी वाटी घेऊन दारात. मीठ संपलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी लुसिया. (जुन्या कालगणनेत वर्षातली सर्वांत लांब रात्र तीच धरायचे, 1753 साली इथे कॅलेंडर बदललं, सण 13 डिसेंबरलाच राहिला.) त्यांचे केशराचे पाव करायचे चालले होते. तुझी सून वाटी धरून उभीच. मी म्हटलं, घड्याळ वाईचं धर. तर वाईत पावणेआठ! म्हणजे तिथेही दिवेलागण उरकलेली.

शेवटी तिने मिठाची वाटी उंबऱ्यावर ठेवली, आजींनी उचलली. आपण दिलं नाही, त्यांनी घेतलं. आजींना वाटलं, आमच्याकडे अशीच पद्धत असेल. रात्री त्याच उंबऱ्यावर त्यांनी सहा गरम पाव ठेवले आणि बेल न वाजवता गेल्या.

चि. मल्हार बालवाडीच्या लुसिया मिरवणुकीत आल्याचं बिस्किट झाला होता. बाकीची मुलं पांढऱ्या झग्यात, हातात बॅटरीच्या मेणबत्त्या. हा तपकिरी, आणि गाण्याऐवजी मोठ्याने "आजी, बघ" म्हणत होता, कारण मी तुम्हाला दाखवायला मोबाइल धरला होता.

उद्यापासून दिवस वाढेल, पण काही सेकंदांनीच. संक्रांतीपर्यंत पाऊण तास होईल. तिळाच्या वड्या त्याआधी धाडा.

तुमचा,
बाळ्या

ता. क. नखं कधी कापायची ते कळव. दिवेलागणीनंतर चालत नाही, शनिवारी चालत नाही, इतर दिवशी उजेडात मी ऑफिसात. उरला रविवार, तो आज हे पत्र लिहिण्यात गेला.