विषय : समुद्रात बुडी मारण्याची परवानगी मिळणेबाबत

बीड जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात नमूद असली तरी तिचा येथील रयतेस कधी विषाद वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ज्या मुलखात जून लागताच आभाळाकडे आणि संक्रांत उलटताच टँकरच्या वाटेकडे डोळे लावण्याची वंशपरंपरागत सवय आहे, तेथे पाणी हे लाटांनी अंगावर येत नाही. ते विहिरीच्या तळाशी जाऊन शोधावे लागते. म्हणूनच येथला पोर पोहायला शिकतो तो पाठीला रिकामा डबा बांधून, आणि एखाद्या चुलत्याने काठावरून ढकलून दिल्यावर. या शिक्षणक्रमास प्रमाणपत्र नसते. पोर वर आला तर तो उत्तीर्ण.

माजलगावच्या मोंढ्यात आडतीचा व्यवहार करणारे आमचे एक स्नेही याच परंपरेत तयार झालेले. साठीच्या उंबरठ्यावर असूनही विहिरीच्या कठड्यावरून मुटका मारून तळाची माती मुठीत घेऊन येण्याचा त्यांचा हातखंडा पंचक्रोशीत विख्यात आहे. टाळेबंदीच्या पहिल्या पावसाळ्यात सरकी, सोयाबीन आणि दूरचित्रवाणी या तिन्हींचा वीट आलेला असताना त्यांच्या वाचनात आले, की मालदीव नामक द्वीपराष्ट्राने १५ जुलै २०२० पासून परदेशी प्रवाशांस आपली दारे खुली केली असून, ज्यास खोकला-ताप नाही अशा पाहुण्यास तेथे ना चाचणी, ना विलगीकरण. केवळ प्रकृतीचे घोषणापत्र भरून दिले की पाठीला हवेचे नळकांडे बांधून प्रवाळांच्या रानात हिंडण्यास तो मोकळा. डब्याऐवजी नळकांडे, एवढाच काय तो फरक, असे म्हणून स्नेह्यांनी जाण्याचा निश्चय जाहीर केला.

निश्चयाच्या मार्गात हिंदी महासागर आला नाही, गोदावरी आली. बीड जिल्ह्याची उत्तर सरहद्द गोदावरीने आखली आहे, आणि शहागडच्या पुलावरून औरंगाबादकडे जाऊ इच्छिणाऱ्या इसमाजवळ त्या काळी पोलिसांच्या संकेतस्थळावरून मिळविलेला ई-पास असणे अनिवार्य होते. पासाच्या अर्जात वाहनाचा क्रमांक, सहप्रवाशांची संख्या, जाण्याचे ठिकाण आणि प्रवासाचे कारण असे रकाने होते. ग्राह्य धरली जाणारी कारणे म्हणजे आजार, अंत्यविधी आणि अडकून पडणे. ‘समुद्रतळाचे अवलोकन’ हे कारण त्यांपैकी कशातच बसेना. एका अनुभवी मुन्शीने ‘अंत्यविधी’ लिहिण्याचा सल्ला दिला आणि बुडी मारण्याचा बेत ऐकून तो फारसा असत्य ठरणार नाही, असेही सुचविले. परंतु स्नेह्यांच्या सौभाग्यवतींनी त्यास सक्त हरकत घेतली. अशा रीतीने एक सार्वभौम राष्ट्र आमच्या स्नेह्यांना विनाचाचणी आत घेण्यास राजी असता शेजारचा जालना जिल्हा मात्र राजी नव्हता, आणि महाराष्ट्रातील ई-पासाची अट २ सप्टेंबर रोजी उठेपर्यंत तो राजी झाला नाही. तोवर मालदीवलाही जाग आली होती. १० सप्टेंबरपासून तेथे निगेटिव्ह अहवाल सक्तीचा झाला. एक नाका उठावा आणि आठ दिवसांत दुसरा बसावा, असा हा योग.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचकांनी द्यावी. ज्या साथरोग अधिनियमाचा अंमल महाराष्ट्रात १३ मार्च २०२० पासून सुरू झाला, तो मूळचा १८९७ सालचा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा, पुण्यात रँडसाहेबांची कारकीर्द व तिचा शेवट ज्या वर्षी झाला त्याच वर्षीचा. त्या वेळी बीड निजामाच्या अमलात असल्याने इंग्रजी मुलखाचा तो कायदा आमच्या आज्या-पणज्यांना लागू नव्हता. स्वातंत्र्य मिळाले, हैदराबाद संस्थान विलीन झाले, मराठवाडा महाराष्ट्रात आला, आणि तब्बल १२३ वर्षांनी का होईना, इंग्रजांच्या त्या कायद्याचा लाभ आम्हांस मिळाला. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा करणाऱ्यांनी हा भरून निघालेला अनुशेष अवश्य जमेस धरावा.

परंतु सरहद्दीवरचे कागद ही बीडकरांना अपूर्वाईची वस्तू आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर आणि थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडण्यास जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरण्याची तेथली रीत आहे. २०२०च्या मार्चात टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा गाळपाचा हंगाम सरत आलेला, फडातील पाचट वाळलेले, आणि ही माणसे कारखान्यांच्या आवारात, कोपींत आणि तात्पुरत्या निवाऱ्यांत अडकून पडलेली. अडकून पडणे हे पासाच्या अर्जातील मान्य कारण असले तरी अर्ज ज्या यंत्रावरून भरावयाचा ते यंत्र कोयत्याबरोबर मिळत नाही. अखेर १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने हुकूम काढला आणि आरोग्य तपासणी, नावनिशीवार यादी व वाहनाचा परवाना अशा सोपस्कारांनंतर त्यांची रवानगी गावाकडे होऊ लागली. गावाच्या वेशीपर्यंत आल्यावर कित्येकांस कळले, की घर आहे पण घरात जाता येत नाही. म्हातारे आईबाप लांबून दिसतात, पण चौदा दिवस शेतातल्या बाभळीखाली काढावयाचे आहेत. पालाचे भाडे पडत नव्हते, पंखा मात्र नव्हता. भाकरी बांधावर ठेवून आणणारा मागे फिरे आणि मग जेवणारा पुढे येई. परदेशप्रवासाच्या ज्या नियमांनी पुढे सुशिक्षितांनी एवढा आक्रोश केला, त्या सर्वांची रंगीत तालीम बीडच्या ऊसतोड्याने अशी आधीच करून ठेवली होती, आणि तीही स्वदेशात, स्वजिल्ह्यात, स्वतःच्या शेताच्या बांधावर.

आमच्या स्नेह्यांची पाळी आली ती २०२१च्या मार्चात. तोवर मालदीवच्या नियमाने थोडी उदारता धारण केली होती: निर्गमनापूर्वी ९६ तासांच्या आत दिलेल्या नमुन्याचा अहवाल आणि २४ तासांच्या आत भरलेले ‘इमुगा’ नामक घोषणापत्र, एवढ्यावर भागत असे. ९६ तास हा आकडा ज्याने ठरविला त्याच्या डोळ्यांपुढे लंडन किंवा मॉस्को असावे. माजलगाव खचित नसावे. बीड शहरास त्या वेळी रेल्वे नव्हती. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग निवडणुकांच्या जाहीरनाम्यांतूनच वेगाने धावत होता. नमुना दिल्याच्या क्षणापासून घटका मोजू लागायचे, अहवालाची वाट पाहायची, तो हाती येताच मोटार जोडून मुंबई गाठायची, आणि विमानास विलंब झाला की प्रकृती ठणठणीत असतानाही शिळे व्हावयाचे, असा तो मामला होता. त्यात अहवालावर आडनाव आधी, पारपत्रावर शेवटी, आणि तिकिटावर वडिलांचे नाव गाळलेले. एकाच देहाचे तीन धनी पाहून विमान कंपनीची कन्या गोंधळली, तेव्हा स्नेह्यांनी पिशवीतून आपला अखेरचा दस्तऐवज काढला. तो सातबारा होता. तलाठ्याच्या सहीशिक्क्याचा तो उतारा तिने उलटसुलट पाहिला, त्यातील गट क्रमांकाखालची आणेवारी वाचली की नाही कोण जाणे, पण इतका गंभीर कागद बाळगणारा गृहस्थ लबाड नसावा अशी तिची खात्री पटली.

बुडी मारण्यापूर्वीचा अर्ज याहून मार्मिक होता. बुडीशिक्षणाच्या संस्था शिष्याकडून प्रकृतीची प्रश्नावली भरून घेतात. तीत फुप्फुसे, श्वास, हृदय यांच्या चौकशीतच तुम्हांस कोविडचे निदान झाले होते काय, असा प्रश्न साथीच्या काळात घालण्यात आला. स्नेह्यांना गणपतीच्या सुमारास ही व्याधी होऊन गेली होती आणि तीतून उठल्याचा त्यांस सार्थ अभिमान होता. त्यांनी मोठ्या झोकात ‘होय’वर खूण केली. तत्क्षणी वैद्याच्या सहीचा रकाना उघडा पडला! मागचा विकार लपवावा तर प्राणाशी गाठ, सांगावा तर दाखल्याशी. माजलगावच्या ज्या डॉक्टरसाहेबांनी तो दाखला आगाऊ दिला होता, त्यांचा बुडण्याशी आजवरचा संबंध शवविच्छेदनापुरता होता. त्यांनी प्रश्नावली दोनदा वाचली, स्टेथोस्कोप छातीवर फिरविला, ‘विहिरीत किती वेळ राहता?’ असे विचारले आणि उत्तर ऐकून सही केली. शास्त्रीयदृष्ट्या ती तपासणी कितपत पुरेशी होती हे आम्ही सांगू शकत नाही; परंतु साऱ्या कागदपत्रांत, ज्या इंद्रियाने पाण्याखाली काम करावयाचे त्या इंद्रियाविषयी केलेला तो एकमेव प्रश्न होता.

नावेवर आणखी एक निर्बंध वाट पाहत होता. काचेवर वाफ धरू नये म्हणून पाणबुडे चष्म्याच्या आतल्या बाजूस थुंकतात आणि सर्वांच्या सामायिक बादलीत तो विसळून डोळ्यांवर चढवितात, ही त्या कलेतील जगभरची जुनी रीत. साथीच्या काळात ती वर्ज्य ठरली. थुंकी नको, बादलीही नको. तंबाखूच्या एका चिमटीपायी रस्त्यावर थुंकल्याबद्दल पूर्वी दंड भरलेल्या आमच्या स्नेह्यांना, सातासमुद्रापलीकडेही हाच नियम आडवा यावा, याचे नवल वाटले. ज्या एका जागी थुंकणे हा शास्त्रोक्त विधी होता, तेथेही सरकार पोहोचले होते.

आणि विलगीकरण? ते मालदीवात होतेच, फक्त त्याचे दरपत्रक निराळे होते. त्या देशाची बेटे सुमारे बाराशे, आणि एका बेटावर एकच विश्रामधाम अशी तेथली जुनी व्यवस्था. साथ येताच हीच व्यवस्था जाहिरातीचा मुख्य मुद्दा झाली: येथे तुमच्या वाऱ्यास कोणी उभे राहणार नाही, चारी बाजूंस पाणी, भोजन दारात ठेवले जाईल. बाभळीखालच्या माणसास दिलेली वागणूक आणि पाण्यावरच्या लाकडी महालातील पाहुण्यास दिलेली वागणूक यांत, कलमवार ताडून पाहिले असता, आम्हांस तत्त्वतः भेद आढळला नाही. अन्न आणणारा दोन्हीकडे अंतर राखून मागे फिरे. एकास तो भोग वाटला, दुसऱ्यास उपभोग. आणि उपभोगाचे भाडे रात्रीच्या हिशेबाने आकारले गेले. हे भाडे भरण्यात आपला देश मागे राहिला नाही, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी मालदीवला जाणाऱ्या पर्यटकांत पहिला क्रमांक भारतीयांचा होता.

परतीचा हिशेब त्रैराशिकाच्या पलीकडचा निघाला. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जमिनीवर काढावेत, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत शिरतो, हे शरीरधर्माचे म्हणणे. आणि स्वदेशी परतणाऱ्याने ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावर ७२ तासांच्या आतला अहवाल चढवावा, हे शासनाचे. जाताना ९६, येताना ७२. परदेशात माणूस लवकर नासतो, असा आपल्या सरकारचा कयास दिसतो. ‘सुविधा’ या नावाविषयी आम्ही काही बोलत नाही. तीत आसनाचा क्रमांक विचारलेला होता, आणि खिडकीवरची मंडळी आसन देण्यापूर्वी सुविधेचा अर्ज मागत होती. शरीरातील नायट्रोजन एव्हाना निघून गेला असला तरी स्नेह्यांच्या मस्तकात काही बुडबुडे उठल्याचे त्यांनी स्वमुखे कबूल केले आहे.

ते बीडच्या सरहद्दीवर पोहोचले तेव्हा २६ मार्च उजाडला होता आणि त्या तारखेपासून ४ एप्रिलपर्यंत जिल्ह्यात टाळेबंदी जारी झाली होती. शहागडचा पूल ओलांडताच हवालदारांनी गाडी थांबविली. स्नेह्यांनी दोन राष्ट्रांनी मान्य केलेला दप्तराचा गठ्ठा पुढे केला. हवालदारांनी अहवालावरचे ‘माले’ हे गाव वाचले, भुवया चढविल्या आणि ‘मालेगावहून आलात काय?’ असे विचारले. आदल्या वर्षी मालेगावच्या नावाने अख्खा महाराष्ट्र दचकत होता, हे ध्यानात घेता त्यांची दक्षता वाखाणण्यासारखीच म्हणावी लागेल. समुद्र, बेट, प्रवाळ असा खुलासा ऐकून घेतल्यावर त्यांनी निकाल दिला, की समुद्राचा कागद येथे चालत नाही. जिल्ह्याचे रहिवासी असल्याचा पुरावा असेल तर दाखवा. सातबारा पुन्हा बाहेर आला. गाडी सुटली.

पुढे यथावकाश साऱ्या अटी विरल्या. मालदीवने मार्च २०२२मध्ये आगमनासाठीची चाचणी रद्द केली. ‘एअर सुविधा’ २२ नोव्हेंबर २०२२ रोजी मिटविण्यात आली. आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरास रेल्वेही आली, म्हणजे ९६ तासांची खरी गरज संपल्यावर आली. मात्र ज्या वाचकांस यंदा तिकडे बुडी मारण्यास जावयाचे असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की ‘इमुगा’चे घोषणापत्र अद्याप शाबूत असून ते प्रवासापूर्वी ९६ तासांच्या आतच भरावे लागते. त्यास दमडीही लागत नाही. शुल्क मागणारे संकेतस्थळ आढळल्यास ते सरकारी नव्हे, असे खुशाल समजावे.