एमएच ३१, पुढचं गुलदस्त्यात

नागपूरच्या उन्हात लोक तोंडाला दुपट्टा बांधतात, हे समजतं. गाडीच्या नंबर प्लेटला कोणतं ऊन लागतं, ते मात्र उमगत नाही. व्हरायटी चौकात लाल दिवा तोडायचा बेत ठरला की डबलसीट बसलेला भाऊ हळूच हात मागे नेतो अन् शेवटचे दोन आकडे तळव्याखाली घेतो. एमएच ३१ जगजाहीर, पुढचं गुलदस्त्यात! कुणाची प्लेट वर दुमडलेली, कुणाच्या नेमक्या आकड्यांवर चिखल, तोही भर मे महिन्यात. ४१४१ चं ‘दादा’ करणारे त्या मानानं प्रामाणिक. निदान आपण कोण ते सांगून तरी जातात.

१९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम अक्षरांची उंची-जाडीसुद्धा ठरवून देतात. आता तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आली: अॅल्युमिनियमची, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरनं कोरलेला क्रमांक, न निघणारं लॉक. प्लेट निघत नाही हे खरं, पण झाकायला लॉक कुठं उघडावं लागतं? लिंबू-मिरचीची एक लांब माळ पुरते.

भाऊ, हात दुखत असेल. दिवा हिरवा होईस्तोवर थांबा की!