मायना

पत्र हाती पडताच मजकूर सोडून आधी मायना वाचण्याची जी खोड मला कचेरीच्या नोकरीत जडली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कारण आपली किंमत लिहिणाराने किती धरली आहे, हे पहिल्या ओळीतच रुजू झालेले असते, आणि पुढचा सारा मजकूर म्हणजे त्या किमतीत मागितलेली सूट असते. पेशवाईतल्या चिटणिसांना हे मर्म पक्के ठाऊक होते. कोणाला 'राजमान्य राजेश्री' म्हणावे, कोणाला 'वेदशास्त्रसंपन्न', कोणाला नमस्कार लिहावा आणि कोणाला आशीर्वाद, यात त्यांच्याकडून कसूर होत नसे. पुढे इंग्रजांनी रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर अशी चढती भाजणी लावली, तेव्हा नवा रावसाहेब शेजारच्या आळीत रावबहादूर निघेपर्यंतच सुखी राहिला असेल, अशी माझी अटकळ आहे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने असले किताब बंद केले. खासगी पत्रव्यवहार मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

माझ्या पुतण्याचेच पाहा. वडिलांना 'तीर्थरूप' आणि वडिलांच्या जागी असणाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', हा जुना दंडक तो एरवी काटेकोरपणे पाळतो. परंतु खोलीचे भाडे थकले, की त्याच्या पत्रातला 'स्व' अचानक गळून पडतो आणि मी एकदम तीर्थरूप होतो. एका जोडाक्षराचा हा लोप मला दर खेपेस मनीऑर्डरीने भरून काढावा लागतो, आणि लाजेची गोष्ट ही, की तो मी आनंदाने भरून काढतो.

गेल्या मार्गशीर्षात एका वाचनालयाच्या चिटणिसांकडून व्याख्यानाचे निमंत्रण आले, त्याचा मायना 'विद्वद्वर्य' असा होता. दिवाळी अंकांत छापून आलेले तीन लेख एवढीच ज्याची वाङ्मयीन जिंदगी, त्या मनुष्याने या शब्दाला हरकत घ्यावयास हवी होती. मी ते पत्र सदऱ्याच्या खिशात, पाकिटाचा कोपरा बाहेर दिसेल अशा बेताने ठेवले, आणि गुडघे दुखत असूनही दोन दिवस जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच सदऱ्याने वाण्याची बाकी चुकती करण्यास गेलो. तो तूर मापीत होता, म्हणून उधारीची वही मीच उघडली. हळदीच्या बोटांनी पिवळ्या पडलेल्या पानावर आमचे खाते होते: 'दुसरा मजला, वहिनी (चष्मेवाले)'. त्या खात्यावर बत्तीस वर्षांच्या संसारानंतर मी कंसात होतो, आणि तोही केवळ दुसऱ्या एखाद्या वहिनींशी घोटाळा होऊ नये म्हणून.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात स्वाभिमानाचा एक अपूर्णांकच मांडला आहे: वर अंशस्थानी यश, खाली छेदस्थानी अपेक्षा, यश वाढत नसेल तर अपेक्षा कमी करावी, म्हणजे भागाकार तेवढाच वाढतो. गणित बिनतोड आहे. परंतु ज्याचा छेद वाचनालयाच्या चिटणिसांनी लिहावा आणि अंश वाण्याने, त्याने ही दोन दप्तरे कोणत्या कचेरीत जुळवून घ्यावीत, याचा खुलासा निदान मला तरी त्या अपूर्णांकात सापडला नाही.

"खात्यावर माझे नाव घालता येईल का?" असे मी, शक्य तितक्या निर्विकार चेहऱ्याने, विचारून पाहिले.

"नाव घातलं तर पोऱ्याला कळणार कसं, साहेब?" वाणी तराजूवरची नजर न काढता म्हणाला. "वहिनींना सगळे ओळखतात."

पुढल्या महिन्यात वही पाहिली, तेव्हा नोंदीत दुरुस्ती झालेली होती: 'दुसरा मजला, वहिनी (चष्मेवाले, नाव विचारतात)'. कंस सुटला नसला तरी कंसातला मजकूर आता बाहेरच्या मजकुराच्या तोडीचा झाला आहे, ही गोष्ट मी घरी येऊन हिच्या नजरेस आणून दिली. तिने बाकी किती निघाली, एवढेच विचारले.