इच्छा जमा करणारा राजा

रायपुरात १७ नोव्हेंबर २०२३ला विधानसभेचं मतदान झालं आणि मोजणी होती ३ डिसेंबरला. मधल्या दिवसांत माणसानं करायचं काय? मतदानयंत्रं सेजबहारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुलपात, उमेदवार देवळात, आणि आमच्या तात्यापारातले तज्ज्ञ चहाच्या टपरीवर नव्वदच्या नव्वद जागांचा निकाल लावून मोकळे. अशा रिकाम्या वेळात भाचीनं डिस्नेच्या ‘विश’ची तिकिटं काढायला लावली. डिस्नेच्या शंभरीनिमित्त काढलेला सिनेमा. १९३७मध्ये ‘स्नो व्हाइट’ काढणारं घराणं. अपेक्षा ठेवणं काही गुन्हा नव्हे.

गोष्ट अशी. रोझास नावाच्या बेटावर मॅग्निफिको नावाचा राजा आहे. देखणा, आणि ते स्वतःला पक्कं ठाऊक असलेला. प्रजेतला माणूस अठरा वर्षांचा झाला की मनातली सर्वांत मोठी इच्छा राजाकडे जमा करतो. (अठरा! आई तिथंच सावरून बसली.) आणि जमा केल्याक्षणी ती साफ विसरतो. राजा सगळ्या इच्छा महालात वर बंद करून ठेवतो, अधूनमधून समारंभ करून एखाद्याची पूर्ण करतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. नायिकेचे आजोबा शंभर वर्षांचे झाले, तरी अजून रांगेतच.

आम्हा मोठ्यांच्या बोटांवरची शाई अजून गेली नव्हती. प्रचारात धानाला क्विंटलमागे एक पक्ष ३१०० म्हणाला, दुसरा ३२००. बायकांना एकानं वर्षाला १२ हजार देऊ केले, दुसऱ्यानं ऐन दिवाळीत १५ हजार. त्यामुळे आईला मॅग्निफिको अगदीच कच्चा वाटला.

“हा आकडाच सांगत नाही रे,” ती म्हणाली. मागच्या ओळीतून कुणीतरी ‘हव ना’ म्हणून दुजोरा दिला.

राजाचं म्हणणं मात्र मला पटू लागलं होतं. सगळ्यांच्याच इच्छा पुऱ्या केल्या तर राज्य चालायचं कसं? आता चांगली खडाजंगी होणार म्हणून मी पॉपकॉर्न बाजूला ठेवले, तर लेखकांनी राजाच्या हाती काळ्या जादूचं पुस्तक देऊन त्याला दुष्ट करून टाकलं. वाद खलास. उरलेला वेळ नायिकेचा बोकड बोलतो, तोही एखाद्या सेवानिवृत्त प्राचार्याच्या भारदस्त आवाजात.

आणि मग जुन्या आठवणींची आतषबाजी. नायिकेचे सात मित्र म्हणजे वेष पालटून आलेले सात बुटके, चित्रांना जुन्या जलरंगांची झाक, शेवटी राजा आरशात कैद. शताब्दीच्या स्मरणिकेसारखा प्रकार: सगळ्या मान्यवरांचे फोटो आहेत, वाचायला मात्र काही नाही. ‘फ्रोझन’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, क्रिस बक, इथंही दिग्दर्शक आहेत. पण त्यातलं गाणं भाचीनं सबंध वाडा वैतागेपर्यंत म्हटलं होतं, आणि यातलं एकही तिच्या तोंडी पार्किंगपर्यंत टिकलं नाही. “तारा मस्त होता,” एवढंच ती म्हणाली. तारा सिनेमाभर एक शब्द बोलत नाही.

परतताना आई ऑटोवाल्याला सगळी कथा सांगत बसली: लोकांच्या इच्छा घेतो, कुलपात ठेवतो, परत मागितल्या की चिडतो. त्यानं फाफाडीहच्या सिग्नलला मान मागे वळवून मनापासून विचारलं, “राजा कोन पार्टी के रिहिस, दाई?”