खाल्ल्या मिठाला जागणारे बोल्ट

अमेरिकेत पिकअप ट्रक हे माल वाहायचं वाहन आहे असं ज्याला वाटतं, तो या देशात नवा आहे. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून इथली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. शनिवारी सकाळी कुठल्याही मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जा आणि उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यांत डोकावून बघा. बर्फ काढायचं फावडं, कॉफीचा रिकामा पेला आणि बाकी सगळी हवा. पण उद्या अचानक फ्रिज न्यायची वेळ आली तर? या ‘तर’वर डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांची चूल पेटते.

आमच्या साडूंनीही याच ‘तर’पोटी मिशिगनमध्ये एक वापरलेला पिकअप घेतला. चार दारांचा, डिझेलचा, पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेला, ‘पाऊण टनी’ वर्गातला. पाऊण टन हे नाव फार जुन्या काळचं. आज या वर्गातले ट्रक दीड टनाच्या घरात माल उचलतात, पण नाव बदलायची कुणाला सवड झालेली नाही. ट्रक कोणत्या कंपनीचा, ते मी सांगणार नाही. तिन्ही कंपन्यांत आपली माणसं नोकरीला आहेत आणि गणपतीत त्यांच्याच पंगतीला बसायचं असतं.

ट्रक दारात आला आणि साडू आमच्या इथल्या मराठी मंडळाचे बिनविरोध वाहतूकप्रमुख झाले. घडीची टेबलं, ढोल-ताशे, मखर, दिवाळी पहाटेच्या सतरंज्या, सगळं त्यांच्याच हौद्यात. गंमत अशी, की हौदा भरलेला असला की तो ट्रक सभ्य माणसासारखा चालायचा. सगळं उतरवून घरी निघाला की मात्र प्रत्येक खड्ड्याचा आतल्या माणसांवर सूड. यात ट्रकचा दोष नव्हता. त्याच्या मागच्या पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, ताकदच टनावारी माल धरून ठरवलेली असते. मागे काही नसेल तर ते पाटे वाकतील कशाला? ते वाकत नाहीत, मग आपण उडतो. हे साडूंना आम्ही समजावून सांगितलं. त्यावर मेहुणी म्हणाली, “म्हणजे यांना जन्मभर मखर घेऊन हिंडायला सांगा की!”

उडण्याचं एक वेळ चाललं असतं. पण त्या ट्रकला दुसरीही एक खोड होती. एका रविवारी आम्ही सगळे एकाकडे जेवायला निघालो होतो. मेहुणीच्या मांडीवर कढीचं पातेलं, झाकणावर तिचा हात. हायवेवर पुलाचा सांधा येतो ना, तिथे पुढचं चाक आपटलं आणि ट्रकच्या अंगात आलं. स्टीअरिंग साडूंच्या हातात डावी-उजवीकडे इतकं थरथरायला लागलं, की त्यांच्या हाताची बोटं दिसेनाशी झाली. पुढची दोन्ही चाकं एकमेकांत काहीतरी भांडण मिटवत असावीत. साडूंनी वेग उतरवत उतरवत ट्रक कडेला घेतला, तेव्हा कुठे ते थांबलं. कढी थांबली नव्हती. इथे या प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांना, पुढचे सांधे झिजलेले असताना ठरावीक वेगात एखादा धक्का बसला की हा झटका येतो. मेहुणीने त्या दिवसापासून कढी न्यायची बंद केली. सुकी भाजी नेते.

मग या दोन्ही खोडींवर उपाय म्हणून सुरू झाली शॉकअपची खरेदी. मुलीचं स्थळ बघतानाही साडूंनी एवढी चौकशी केली नव्हती. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. मंडळातला प्रत्येक माणूस इंजिनिअर आणि त्यातले निम्मे मोटारींच्या धंद्यात, त्यामुळे सल्ला फुकट आणि परस्परविरोधी. एक म्हणाला मोनोट्यूबच घ्या, दुसरा म्हणाला ट्विन ट्यूब काय वाईट आहे. सीटची कातडी शिवणाऱ्या विभागात असलेल्या एकाने नायट्रोजनवर अर्धा तास भाषण दिलं.

खरं तर शॉकअप धक्का खात नाही. धक्का स्प्रिंग खाते. स्प्रिंगने खाल्लेलं तिने पुन्हा पुन्हा बाहेर काढू नये, एवढंच शॉकअपने बघायचं. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. त्यातून तेल रेटलं जातं, हालचालीची उष्णता होते आणि ती नळीच्या अंगातून हवेत जाते. खराब रस्त्यावर फार वेळ हे चाललं की तेलाला फेस येतो आणि शॉकअप हात टेकतो. म्हणून त्यात नायट्रोजन भरतात. मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते, गॅस आणि तेल यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन, आणि ती नळी थेट हवेत उघडी, त्यामुळे लवकर निवते. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी. स्वस्त आणि जरा मवाळ. झालं. एवढ्यावर अर्धा तास बोलायला सीटच्याच विभागातला माणूस लागतो.

या धंद्यातली जुनी नावं मात्र मजेदार आहेत. एकानेही सुरुवात शॉकअपने केलेली नाही. जर्मनीची बिल्स्टाइन १८७३ साली खिडक्यांचं लोखंडी सामान करायची. मन्रो ही १९१६ साली टायरमध्ये हवा भरायचे पंप करणारी कंपनी, डेट्रॉइटच्या दक्षिणेला मन्रो याच नावाच्या गावची. पाय वर करून पडायची ती ‘ले-झी-बॉय’ खुर्चीही त्याच गावची. माणसाच्या पाठीची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या गावाने घेतली असेल असं वाटत नाही. गॅब्रिएल ही शेजारच्या ओहायोतली, क्लीव्हलँडची. ती आधी मोटारीचे भोंगे करायची. १९६१ साली गॅब्रिएल भारतात आली आणि पुढे नाशिकला, चाकणला तिचे कारखाने निघाले. आमचे साडू नाशिकचे. “आमच्या गावात होतात हो शॉकअप!” असं ते इथल्या पार्ट्सच्या दुकानातल्या पोराला अभिमानाने सांगतात. ते पोरगं मान डोलावून विचारतं, “सर, रोख की कार्ड?”

साडूंचा जीव रँचोच्या आरएस-९०००एक्सएलवर जडला होता, कारण त्याला नऊ टप्प्यांची मूठ असते. एकवर मऊ, नऊवर कडक. माल नसेल तेव्हा एक, मखर असेल तेव्हा नऊ, आणि मधल्या सात टप्प्यांसाठी त्यांनी तक्त्यात वेगळा रकाना काढला होता. मेहुणीने एकच विचारलं, “ही मूठ असते कुठे?” ती शॉकअपच्या बुडाशी असते. प्रत्येक वेळी गाडीखाली वाकून चारही चाकांपाशी फिरवायची. “मंडळाच्या दारात, झब्बा घालून?” मेहुणी म्हणाली, आणि नऊ टप्पे रद्द झाले. शेवटी बिल्स्टाइनचे पिवळे, मूळ उंचीच्या गाडीसाठी असतात ते, असं ठरलं. ट्रक उंच केलेला नसताना लांब शॉकअप बसवण्यात काही हशील नाही. पिवळा रंग चाकाच्या वरून दिसतो, हे कारण तक्त्यात नव्हतं. पण खरं कारण तेच.

या सगळ्याच्या आधी साडूंनी, कुणाला न विचारता, एक नवा स्टीअरिंग स्टॅबिलायझर बसवून टाकला होता. स्टॅबिलायझर म्हणजे आडवा टाकलेला लहान शॉकअप. एक टोक चासीला किंवा अ‍ॅक्सलला, दुसरं स्टीअरिंगच्या दांड्याला. स्टीअरिंगची थरथर तो तेलात मुरवतो. बसवल्यावर काही दिवस ट्रक अगदी गुणी झाला आणि साडू भेटेल त्याला पकडून सांगायला लागले. मग पुलाच्या त्याच सांध्यावर ट्रकच्या अंगात पुन्हा आलं. शिवाय नवीनच एक तक्रार सुरू झाली, ट्रक सतत एका बाजूला जरासा ओढायचा. त्यालाही कारण आहे. गॅस भरलेल्या स्टॅबिलायझरची कांडी एकाच टोकाने बाहेर येते, आणि आतला गॅस ती सदा बाहेर ढकलत असतो; म्हणजे स्टीअरिंगवर कायमचा एक हलका धक्का. यावर मंडळातून सूचना आली, की समोरासमोर दोन लावा, म्हणजे एकमेकांना ढकलत बसतील. अशी जोडी बाजारात खरोखर मिळते. मंडळाच्या कार्यकारिणीचा अनुभव असलेल्या माणसाला ती कल्पना का सुचली, हे मी समजू शकतो.

साडूंच्या शेजारी एक गोरे आजोबा राहतात. सारा जन्म मोटारींच्या कारखान्यात गेला, आता निवृत्त आहेत आणि दिवसभर स्वतःच्या गॅरेजमध्ये रेडिओ ऐकत काहीतरी घासत असतात. त्यांनी हे सगळं ऐकलं, पिवळ्या शॉकअपचे खोके बघितले आणि म्हणाले, आधी गाडी चालू करा. चाकं जमिनीवरच ठेवली. साडूंना सीटवर बसवलं आणि स्टीअरिंग अगदी थोडं, डावी-उजवीकडे, न थांबता हलवत राहायला सांगितलं. स्वतः पाठीवर सरपटत गाडीखाली गेले. मी टॉर्च धरली. दोन मिनिटांत त्यांनी माझं मनगट धरून उजेड एका जागी नेला.

तिथे ट्रॅक बार होता. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून चासीपासून अ‍ॅक्सलला तिरका जोडलेला दांडा. त्याच्या चासीकडच्या टोकाशी रबराचं बुश फाटून बाहेर आलं होतं. स्टीअरिंग हललं की तो दांडा आधी स्वतः टकटक करून घ्यायचा आणि मग कामाला लागायचा. ती टकटक मला ऐकू येत होती, आणि वर सीटवर साडू “काय सापडलं? काय सापडलं?” विचारत स्टीअरिंग हलवतच होते. आजोबा खालून एवढंच म्हणाले, की हा दांडा सैल असताना वर स्टॅबिलायझर लावणं म्हणजे आग लागलेली असताना भोंगा बंद करणं. मग सगळे सांधे हाताने हलवून बघितले, टायरमधली हवा मोजली. बाकी ठीक होतं. ट्रॅक बारची किंमत त्या नव्या स्टॅबिलायझरच्या आसपासच निघाली. साडूंनी तक्त्यात त्यासाठी रकाना घातला नाही.

नवा ट्रॅक बार आणि शॉकअप बसवण्याचा दिवस. शॉकअप बदलणं म्हणजे खरं तर नुसते बोल्ट काढायचे आणि घालायचे. पण हे मिशिगन आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. हिवाळ्यात इथले रस्ते मिठाने पांढरे होतात आणि ते मीठ गाड्यांच्या खाली जाऊन मुरतं. इथले बोल्ट खाल्ल्या मिठाला जागतात. जागचे हलत नाहीत. आदल्या रात्री त्यांच्यावर तेल मारून ठेवलं होतं. सकाळी पान्याला पाइप लावून साडूंनी जोर केला, तेव्हा पहिला बोल्ट हलला नाही, साडू हलले. वरच्या नटाची आणखी तऱ्हा. नट फिरवला की त्याच्याबरोबर अख्खी कांडीच फिरते. मी चिमट्याने कांडी धरायची, साडूंनी नट फिरवायचा आणि दोघांनी एकमेकांना सांगायचं, “अहो, तुम्ही नीट धरा.” “मी धरलंय, तुम्ही उलटं फिरवताय.” शेवटी आजोबांनी करवत आणली. ठिणग्या उडाल्या आणि जुना शॉकअप खाली पडला. त्याची कांडी आत दाबली तर आतच राहिली. बाहेर यायची त्याची इच्छाच संपली होती.

नवे शॉकअप दाबून, पट्टी बांधून येतात. वरचं टोक बसवून होईपर्यंत पट्टी कापायची नाही, असं कागदावर लिहिलेलं असतं. मेहुणी चहा घेऊन आली, खोक्याबाहेर पडलेला एक शॉकअप बघितला आणि मदत म्हणून कात्रीने पट्टी कापली. कांडी शांतपणे, अजिबात घाई न करता बाहेर यायला लागली. साडू तिच्यावर दोन्ही हातांनी ओणवे झाले, मग पोटाने. कांडी पूर्ण बाहेर आली, साडू वर उचलले गेले. तो शॉकअप पुन्हा दाबून पट्टीत बांधायला आम्हा तिघांना जेवणाची वेळ झाली.

शेवटी आजोबांनी एक आग्रह धरला, तो मला पटला. बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची आणि मगच आवळायचे. लटकत्या चाकांवर आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आवळताना त्यांनी टॉर्क रेंच वापरला. साडूंनी “बास झालं” म्हटलं की आजोबा आणखी थोडं फिरवायचे, रेंचचा टक आवाज ऐकू येईपर्यंत.

पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम त्याच पुलावरून गेलो. मेहुणीने मांडीवर कढी घेतली होती. हा तिचा साडूंवरचा विश्वास होता की सूड, मी विचारलं नाही. सांधा आला, चाक आपटलं, स्टीअरिंग जागेवर. अंगात येणं गेलं, ते ट्रॅक बारमुळे. मग पुढे एक खड्डा आला आणि ट्रक उडाला. रिकामा पाऊणटनी ट्रक उडणारच. त्याला जगातला कुठलाही पिवळा रंग मऊ करू शकत नाही. पण पूर्वी एका खड्ड्याला तीन-चारदा उडायचा, आता एकदाच. मेहुणीने पातेल्याचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, “बसतं तेवढंच, पण एकदाच बसतं.” शॉकअपच्या कंपन्यांनी जाहिरातीसाठी हे वाक्य घ्यावं, याहून खरं काही त्यांना सांगता येणार नाही.

साडूंनी ट्रकला मूळचाच स्टॅबिलायझर परत बसवला. नवा, फार न वापरलेला, एका बाजूला जरासा ओढणारा स्टॅबिलायझर आमच्या गॅरेजमध्ये पडून आहे. कुणाला हवा असेल तर जरूर घेऊन जावा, पैसे नकोत. मात्र आधी स्वतःच्या गाडीखाली जाऊन ट्रॅक बार हलवून बघा, आणि मगच या.